सुतळीनं मोजलेलं अंतर

अण्णा गेले तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. डिसेंबर २०२३, सोमवार. पाच वाजता पंचवटीतून मोठे काका आले. आईजवळ थोडा वेळ नुसते बसून राहिले, मग मला गॅलरीत बोलावून हळू आवाजात म्हणाले, "किती तास लागतील गं त्याला?"

त्याला म्हणजे दादाला. दादा न्यू जर्सीत राहतो, एडिसनला.

"साडेचौदा," मी लगेच म्हणाले. हा आकडा मला पाठ होता.

काकांचा चेहरा जरा सैल झाला. घड्याळ बघून म्हणाले, "मग संध्याकाळी येतोच की. थांबू या."

तेव्हा लक्षात आलं की मी खरं उत्तर दिलं, आणि त्या उत्तरानं काकांना भलतंच कळलं. विजेच्या बिलाचं पाकीट उलटं करून मी त्यावर हिशेब मांडायला बसले. इथे सोमवारची पहाट, तिथे अजून रविवारची संध्याकाळ, साडेसहा. दादाला जागा मिळतेय ती सोमवारी दुपारी बाराच्या विमानात, म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. त्यापुढे साडेचौदा तास: मंगळवार दुपारी एक. मुंबई विमानतळावरची रांग आणि सामान धरून अडीच. मग भिवंडी, शहापूर, कसारा घाट, घोटी. सात वाजलेच. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि आमच्याकडे दिवस मावळल्यावर अग्नी देत नाहीत. पाकिटावर शेवटचा शब्द मी लिहिला तो 'बुधवार'.

काकांनी पाकीट हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. पुढं काही बोलले नाहीत.

साडेचौदा हा आकडा अण्णांच्या वहीतला. अण्णा ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये, फिटर होते. १९६४ साली तिथे मिग या लढाऊ विमानांसाठी कारखाना उभा राहिला आणि नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत विमान हा रोजच्या बोलण्यातला विषय झाला. आमच्या लहानपणी टाऊनशिपमध्ये डोक्यावरून मिग गेलं की वर्गात बाई बोलायच्या थांबत आणि आवाज विरला की वाक्य तिथूनच पुढे चालू करत. अण्णांच्या हातून किती मिग-२१ गेली असतील, कोण जाणे. पण प्रवाशांच्या विमानात ते पहिल्यांदा बसले ते निवृत्तीनंतर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, दादाकडे जाताना.

दादा २००८ साली अमेरिकेला गेला, आणि त्या दिवसापासून वही सुरू झाली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, कुठून कुठे, उडालं, टेकलं, तास, वारा. दादानं पोहोचल्यावर फोन केला की "जेवलास का?" हे आई विचारायची, आणि "उडालं किती वाजता, टेकलं किती वाजता?" हे अण्णा. विमान दारातून हललं ती वेळ त्यांना चालत नसे. चाकं धावपट्टीवरून सुटली ती वेळ हवी. दादा बिचारा त्यासाठी खिडकीतून बाहेर बघत घड्याळ धरून बसायचा.

त्या वहीत एक गोष्ट पानामागून पान दिसते. मुंबईहून तिकडे जाताना पंधरा तास पन्नास मिनिटं, सोळा तास, कधी सोळा-वीस. तिकडून येताना चौदा-वीस, चौदा-चाळीस, एकदा तर तेरा-पंचावन्न. गावं तीच, विमान त्याच जातीचं, आणि फरक दीड-दोन तासांचा.

माझ्या ओळखीतले बरेच शिकलेले लोक याचं कारण सांगतात ते असं, की खाली पृथ्वी फिरत असते, म्हणून एका बाजूनं गाव आपणहून जवळ येतं. मीही अण्णांना एकदा हेच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "पंचवटी एक्स्प्रेसमध्ये तू जागच्या जागी उडी मारलीस, तर मागच्या डब्यात पडशील का?" पृथ्वीबरोबर हवाही फिरते, त्या हवेत विमानही. फरक पडतो तो वाऱ्यानं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे आहेत, जेट स्ट्रीम म्हणतात ते. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गारठलेली, या तफावतीतून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून ते जन्मतात. थंडीत ही तफावत वाढते, तसा वाराही वाढतो. ताशी दोनशे किलोमीटरचा वारा तिथे नवलाचा नाही. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर.

या वाऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा करणाऱ्यांत वासाबुरो ओइशी नावाचे जपानी हवामानशास्त्रज्ञ होते. १९२० च्या दशकात हवेत फुगे सोडून, दुर्बिणीतून त्यांचा माग काढत त्यांनी हे वारे मोजले. जगाला कळावं म्हणून अहवाल लिहिला एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत, आणि ती भाषा वाचणारे फार थोडे, त्यामुळे वर्षानुवर्षं त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. हे मी नंतर कधीतरी वाचलं. अण्णांना सांगायचं राहून गेलं, याची मला फार हळहळ वाटते. त्या माणसाचं त्यांना फार अप्रूप वाटलं असतं.

वहीत एक कात्रण चिकटवलेलं आहे, ऑक्टोबर २०१६ चं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान तेव्हा अटलांटिकची वाट सोडून पहिल्यांदा पॅसिफिकवरून गेलं. नवी वाट सुमारे चौदाशे किलोमीटरनं लांब, पंधरा हजार तीनशे किलोमीटरची. तरी पोहोचलं साडेचौदा तासांत, आधीच्यापेक्षा जवळजवळ दोन तास लवकर, कारण वारा सगळी वाट पाठीशी होता. कात्रणाखाली अण्णांनी बॉलपेननं लिहिलंय, 'लांबची वाट, लवकर पोच.' त्याखाली दोन रेघा. अण्णा दोन रेघा क्वचित मारत.

सुतळी मात्र वहीच्याही आधीची. दादाचं जायचं ठरलं त्या आठवड्यातली. आई भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर उभी राहून बोटानं वाट काढत होती: नाशिक, मग अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिका, मग तो एवढा मोठा समुद्र. "बाई गं," म्हणाली, "सगळं पाणीच की." अण्णांनी माझा शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावरून काढला, पुसला, स्वयंपाकघरातून पुडे बांधायची सुतळी आणली. एक टोक नाशिकवर आईच्या बोटाखाली, दुसरं न्यूयॉर्कवर माझ्या बोटाखाली, आणि मग त्यांनी सुतळी ताणली. ताणल्याबरोबर ती समुद्रावरून घसरत घसरत उत्तरेला सरकली. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वेच्या वरून, आइसलँडच्या अंगानं, ग्रीनलंडचं खालचं टोक, आणि मग कॅनडावरून खाली. "हीच सगळ्यात जवळची," अण्णा म्हणाले. सपाट नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती याहून सतराशे किलोमीटरनं लांब भरते.

सुतळी त्यांनी पट्टीवर धरली. गोल एक फूट व्यासाचा, आणि सुतळीही साधारण एक फुटाची. नाशिक ते न्यूयॉर्क जमिनीवरून साडेबारा हजार किलोमीटर, आणि पृथ्वीची आरपार जाडीही जवळजवळ तेवढीच. अण्णांनी ती सुतळी गोलाच्या कमरेला धरून दाखवली होती. आईनं पृथ्वीच्या जाडीकडे लक्ष दिलं नाही. ती सुतळीचं टोक बोटांत धरून "एवढंच?" एवढं म्हणाली.

त्याच संध्याकाळी अण्णा आम्हाला गच्चीवर घेऊन गेले. अमेरिका पश्चिमेला, म्हणजे आम्ही त्र्यंबकच्या दिशेला, मावळतीला बघत होतो. त्यांनी मला खांद्याला धरून वळवलं. समोर रामशेजचा डोंगर होता. "त्याच्या जरा डावीकडे. पेठच्या उजवीकडे, सुरगाण्याच्या अंगाला. तुझा दादा त्या बाजूला असणार." पुढे पंधरा वर्षं आई तुळशीला पाणी घालून झालं की रामशेजच्या डाव्या अंगाला एकदा बघायची. शेजाऱ्यांना वाटे, रामशेजला नमस्कार करतात.

अण्णांनी काढलेली आणखी एक गोष्ट मला अजून नवलाची वाटते. नाशिक पूर्व रेखांश ७३.८ वर आहे. न्यूयॉर्क पश्चिम रेखांश ७४ वर. म्हणजे ग्रिनिचची शून्याची रेघ या दोन गावांच्या जवळजवळ बरोबर मधोमध जाते. आपण त्या रेघेच्या उजवीकडे जेवढे, दादा डावीकडे तेवढाच. अण्णांनी वहीच्या पहिल्या पानावर एक तराजू काढला होता: काट्याखाली शून्य, एका पारड्यात 'ना.', दुसऱ्यात 'न्यू.' अण्णांना चित्र काढता येत नसे. तराजू वाकडा आहे, पण पारडी सारखी आहेत.

आई-अण्णा २०११ च्या डिसेंबरात तिकडे गेले तेव्हाचं अण्णांचं वर्णन आमच्याकडे पुष्कळदा ऐकून झालंय. नाशिकहून निघताना सहाच्या सुमारास घोटीजवळ सूर्य मावळताना त्यांनी बघितला. मध्यरात्रीनंतर विमान उडालं. सोळा तास ते अंधारातून गेलं आणि उतरलं तेव्हाही अंधारच होता. एडिसनला दादाच्या स्वयंपाकघरात सव्वासात वाजता सूर्य वर आला. तेव्हा नाशकात दुसऱ्या दिवशीचे पावणेसहा वाजले होते, पुढचा सूर्यास्त होत होता. म्हणजे एका मावळतीपासून उगवतीपर्यंत त्यांनी जवळजवळ चोवीस तासांची रात्र काढली. नाशिकच्या अक्षांशावर पृथ्वी ताशी सुमारे पंधराशे सत्तर किलोमीटरनं फिरते, तिथे विमान सूर्याशी बरोबरी करू शकत नाही. पण आइसलँडच्या अक्षांशावर हा वेग ताशी सातशेवर येतो आणि विमान पृथ्वीच्या पुढे निघतं. पश्चिमेकडे जाणारं विमान तिथे रात्रीला ओढून लांबवतं. आई म्हणायची, "मला झोप आली नाही, आणि उजाडेचना." दोघांनी एकाच गोष्टीची हकिगत सांगितली होती, पण अण्णा खिडकीच्या बाजूला बसले होते आणि आई मधल्या जागेवर.

त्या सोमवारी सकाळी सातला दादाचा पुन्हा फोन आला. तिकीट झालं होतं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मी हिशेब केलाय. बुधवार होतो. थांबू नका." मग बराच वेळ आम्ही दोघंही गप्प होतो. फोन बंद झालाय का हे बघायला मी कानापासून दूर धरला तर सेकंद पुढे सरकत होते. "अग्नी तू दे," तो म्हणाला. काकांना विचारायचं कसं, हे मला कळेना. खाली आले तर काकांनी खिशातलं ते पाकीट काढून आईच्या पुढ्यात ठेवलं होतं. आई म्हणाली, "तिनंच सगळं केलंय ना शेवटपर्यंत. तीच देईल."

दुपारी चारला अमरधाममध्ये मी अण्णांना अग्नी दिला. माझ्या नवऱ्यानं फोन धरला होता, त्यात दादा. तिथे पहाटेचे साडेपाच. त्याच्या मागे स्वयंपाकघराची खिडकी होती, तीच, आणि ती काळी होती. अजून सूर्य उगवायचा होता. अजून तो घरातून निघालाही नव्हता. इथे सगळं संपत आलं होतं आणि त्याचे साडेचौदा तास सुरूही झाले नव्हते.

रात्री साडेदहानंतर आईनं माझा फोन मागून घेतला. विमान कुठे आहे ते दाखवणारं अॅप त्यात होतं. पिवळं छोटं विमान न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावरून समुद्रात निघालं. दर थोड्या वेळानं ती विचारायची, "आता कुठे गं?" आणि मी सांगायची. येताना विमान वाऱ्याची पाठ धरतं, म्हणून जाताना जातं तितकं उत्तरेला जात नाही. अटलांटिकवरून, युरोपवरून खाली उतरतं. आयर्लंडच्या जवळ आलं तेव्हा आपल्याकडे पहाट व्हायला आली होती. आईनं डोळ्याला डोळा लावला नव्हता. "सूर्य दिसला असेल का त्याला?" असं तिनं मध्येच विचारलं. मला खात्री नव्हती. मी हो म्हणाले. सकाळी शेजारच्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या, त्यांनाही आईनं फोन दाखवला. "हा बघा, इथे आहे."

दादा सातला पोहोचला. दारात पाय धुतले, आत आला आणि अण्णांच्या खाटेकडे न बघता सरळ आईजवळ जाऊन बसला. बुधवारी सकाळी आम्ही सावडायला गेलो. रामकुंडात जिथे अस्थी विरघळतात असं म्हणतात, तिथे आम्ही दोघांनी मिळून कलश सोडला. पाणी फार गार होतं. दादाला ते जास्त गार लागलं की मला, यावर आम्ही लहानपणी भांडलो असतो.

तेराव्याला पिंपळगावचा मावसभाऊ आला होता. द्राक्षाची बाग आहे त्याची. नोव्हेंबरच्या शेवटी निफाड पट्ट्यात गारपीट झालेली, त्यातून वाचलेला माल युरोपला धाडायचा होता, आणि तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यामुळे जहाजं सुवेझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली होती. रॉटरडॅमला माल पोहोचायला दहा-पंधरा दिवस जास्त लागणार होते. "अंतर तेवढंच आहे रे," तो दादाला म्हणत होता, "पण वाटच बंद केली तर काय करायचं? घडाचा देठ थांबतो का तोवर?" दादानं मान हलवली. २०१९ मध्ये पाकिस्ताननं फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत हवाई हद्द बंद ठेवली होती. त्या मे महिन्यात दादाला थेट विमान मिळालं नव्हतं, आखातात विमान बदलून यावं लागलं होतं. वहीत त्या ओळीसमोर 'वारा' या रकान्यात अण्णांनी लिहिलंय, 'वाट बंद.'

जाण्याच्या आदल्या रात्री दादानं वही मागितली आणि स्वतःची ओळ स्वतः भरली. उडालं, टेकलं, चौदा तास दहा मिनिटं. तो खिडकीशी घड्याळ धरून बसला होता की काय, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर वही आईकडे गेली. ती भरायला तिला मी सांगितलं नव्हतं, दादानंही नाही. दुसऱ्या वर्षश्राद्धाला, २०२५ च्या डिसेंबरात, दादा पुन्हा आला. एप्रिलपासून पाकिस्तानची हवाई हद्द आपल्या विमानांना बंदच होती, आईच्या फोनवर विमान अरबी समुद्रावरून येताना दिसलं. पंधरा तास वीस मिनिटं. मात्र मुंबईच्या पुढे कसारा घाट चढावा लागला नाही. समृद्धी महामार्गाचा आमणे–इगतपुरी टप्पा त्याच जूनमध्ये सुरू झाला होता, जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी थेट इगतपुरीला निघाली. वर जो तास गेला, तो खाली भरून निघाला.

दादा झोपल्यावर मी वही उघडली. आईनं रकाना वाढवला होता. पट्टी न धरता ओढलेली, तिरपी रेघ, आणि वर तिच्या जाड अक्षरात 'दार ते दार'. या वेळच्या ओळीसमोर तिनं २४ लिहिलं होतं. दादा घरातून निघाला तेव्हापासून इथे पायरी चढेपर्यंत, बरोबर आहे. त्याच्या वरची ओळ २०२३ ची. तिथे ३९ होतं. मला वाटलं, चुकलंय. बोटं मोजून पुन्हा हिशेब केला: दादा त्याच्या घरातून आपल्या संध्याकाळी साडेसहाला निघाला, दुसऱ्या दिवशी सातला पोहोचला, म्हणजे साडेचोवीस. दुरुस्त करायला मी पेन हातात घेतलं. मग पहाटे चारपासून मोजून बघितलं, आणि पेनाचं टोपण लावून वही जागेवर ठेवली.